भारत आणि चीन यांच्या कठीण लाकडाच्या आयातीची तुलना कशी करावी?

प्रश्न – राजुरा, जि. चंद्रपूर

नमस्कार. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी भारत आणि चीन यांच्या कठीण लाकडाच्या आयातीची 1995 पासूनची तुलना करीत असून, त्यासाठी फक्त गोल लाकडाचे, म्हणजे ओंडक्यांचे आकडे घेतले आहेत. दोन्ही आलेख नव्वदच्या दशकानंतर वर चढतात. मात्र 2014 नंतर भारताचा आलेख उतरतो. बल्लारपूरच्या डेपोतील लिलावाला परराज्यांतील व्यापारी अजूनही येतात, तेव्हा सागवानाची मागणी आटली असे वाटत नाही. मग ही घसरण खरी मानावी काय? आणि तुलना घनमीटरमध्ये करावी की रकमेत?

उत्तर – आलापल्ली, जि. गडचिरोली (निवृत्त वनकर्मचारी)

घसरण खरी आहे, पण ती ओंडक्यांची. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि तिथल्या साग व गर्जन (प्लायवूडसाठी वापरले जाणारे कठीण लाकूड) यांवर आपले व्यापारी व प्लायवूडचे कारखानदार फार अवलंबून होते. त्यानंतर गर्जन सोलून व्हिनिअर, म्हणजे प्लायवूडचे पातळ थर, काढण्याचे काम अनेकांनी म्यानमारमध्येच नेले; काही जण पुढे गॅबनमध्ये गेले, जिथून 2010 पासूनच ओंडके बाहेर जाणे बंद होते. परिणामी, सीमाशुल्काच्या 4403 या ओंडक्यांच्या शीर्षकाखाली (वर्गवारीच्या क्रमांकाखाली) नोंदले जाणारे लाकूड 4407 खाली चिराण, म्हणजे चिरलेले लाकूड, म्हणून किंवा 4408 खाली व्हिनिअर म्हणून येऊ लागले. ही तिन्ही शीर्षके एकत्र घेऊन सर्व आकडे ओंडक्यांच्या मापात बदलावेत; एक घनमीटर चिराणामागे साधारण पावणेदोन ते दोन घनमीटर ओंडके धरतात. चीनच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण थायलंडमधून तिथे जाणारे रबराच्या झाडाचे लाकूड चिरलेल्या रूपातच जाते.

आलेख चढण्याची कारणेही वेगवेगळी आहेत. 1998 च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोड आवरली आणि 1999 मध्ये ओंडक्यांवरील आयात शुल्क काढून टाकले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन या जंगलतोडीविषयीच्या प्रकरणात मंजूर कार्य आयोजनेशिवाय (जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्याशिवाय) होणारी वृक्षतोड थांबवली. शिवाय चीनमध्ये आलेल्या लाकडाचा मोठा भाग फर्निचर व प्लायवूड होऊन परत बाहेर जातो, तर आपल्याकडचा बहुतांश भाग दारे-चौकटींत इथेच खपतो. म्हणून आयात म्हणजेच देशातील खप, असे चीनबद्दल लिहू नये.

उत्तर – नागभीड, जि. चंद्रपूर (लाकूड व्यापारी)

साहेबांच्या म्हणण्यात मापाची एक गोष्ट जोडतो. आपल्या डेपोत घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणतात. हे घनफळ प्रत्यक्ष घनफळाच्या सुमारे 78.5 टक्केच भरते. परदेशी सागाचे सौदेही अनेकदा याच होपस पद्धतीने होतात. त्यामुळे व्यापाऱ्याकडून मिळालेला आकडा सीमाशुल्काच्या आकड्यापुढे सरळ मांडू नका. आधी माप विचारा.

रकमेतील तुलना मला मुळीच पटत नाही. घाना किंवा इक्वाडोरच्या लागवडीतील कमी घेराचा साग आणि म्यानमारचा जुना साग यांचे दर इतके वेगळे असतात की, माल तेवढाच राहूनही रक्कम उतरू शकते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. तिन्ही शीर्षके घेऊन आलेख नव्याने काढतो. भारताचे वार्षिक आकडे एप्रिल ते मार्चचे आणि चीनचे जानेवारी ते डिसेंबरचे आहेत; ते तसेच शेजारी ठेवले तर चालतील काय?

उत्तर – आलापल्ली

चालणार नाहीत. भारताचे मासिक आकडे घेऊन जानेवारी ते डिसेंबरची बेरीज करावी. म्यानमारची बंदी नेमकी एप्रिलमध्ये लागू झाल्याने 2014 च्या आकड्यात पहिले तीन महिने बंदीपूर्वीचे असतील. त्या वर्षाखाली तशी टीप द्यावी.