घरून काम आणि कचेरीतले काम यांचा मेळ घालताना नेमका फायदा कशात आहे?

प्रश्न : वाकडकर

नमस्कार. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभागाचे काम मी पाहते. आम्ही एकूण ६४ जण आहोत. त्यांपैकी ३८ जण डेव्हलपर आणि टेस्टर, तर उरलेले २६ जण ग्राहक-साहाय्य, विक्री आणि हिशेब या विभागांतले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळेच घरी गेलो. त्यानंतर कधी ‘ज्याला यायचे त्याने यावे’, तर कधी ‘आठवड्यातून कोणतेही दोन दिवस या’ असे करत करत आज कोणी कधी यावे याला काही धरबंधच उरलेला नाही. गेल्या मंगळवारी मी सव्वा तास वाहतुकीत काढून कचेरीत पोहोचले, तेव्हा आमच्या मजल्यावर नऊ माणसे होती आणि ती नऊच्या नऊ कानाला हेडफोन लावून घरी बसलेल्या सहकाऱ्यांशी बोलत होती.

चार महिन्यांनी जागेचा भाडेकरार संपतो आहे. एका संचालकांचे म्हणणे आहे की पाचही दिवस सर्वांना बोलवावे. दुसऱ्यांचे म्हणणे आहे की जागाच सोडून द्यावी. मला दोन्ही पटत नाही, परंतु ‘मधला मार्ग बरा’ एवढे सांगून संचालकांचे समाधान होणार नाही. या पद्धतीने कंपनीला काय मिळाले, कर्मचाऱ्यांना काय मिळाले आणि दिवस कोणी व कसे ठरवावेत, याविषयी ज्यांनी हे प्रत्यक्ष राबवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद : जुना टीमलीड

तुमच्या मंगळवारच्या अनुभवातच निम्मे उत्तर आहे. नऊ माणसे आली खरी, पण ज्यांच्याशी त्यांचे काम अडलेले होते ती माणसे आली नव्हती. अठरा वर्षे मी डेव्हलपरांचे गट सांभाळले आहेत आणि माझे ठाम मत असे झाले आहे की दोन दिवस की तीन दिवस या वादात फार अर्थ नाही. ज्यांचे काम एकमेकांवर अवलंबून आहे ती माणसे एकाच दिवशी येतात की नाही, हे पाहावे. म्हणून दिवस ज्याने त्याने निवडू नयेत आणि कंपनीने सरसकटही ठरवू नयेत. ते त्या त्या गटाने मिळून ठरवावेत आणि मग निदान तीन महिने बदलू नयेत.

संचालकांना आकडे हवे असतील तर ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत २०२१-२२ मध्ये झालेला सहा महिन्यांचा प्रयोग त्यांच्यापुढे ठेवा. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केले. १,६१२ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख विषम होती त्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि सम तारखेचे लोक पाचही दिवस येत राहिले. विभागणी जन्मतारखेवर केल्यामुळे ‘मुळात मेहनती होते त्यांनीच सवलत मागितली असेल’ असे म्हणायला जागा उरली नाही. सवलत मिळालेल्या गटात नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि पुढच्या दोन वर्षांच्या मूल्यमापनांत वा बढत्यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. प्रयोगाआधी व्यवस्थापकांचा अंदाज होता की उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर त्यांचेच मत असे झाले की ती एक टक्क्याने वाढते. नोकरी सोडण्यातली घट स्त्रियांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये विशेष दिसली, आणि वाकडच्या पुलावर रोज अडकणाऱ्या माणसांच्या मालकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे असे मला वाटते. एक अनुभवी डेव्हलपर गेला की त्याच्या नोटिशीचे दोन-तीन महिने, नव्या माणसाचा शोध आणि तो रुळेपर्यंतचा काळ धरून गटाचे अर्धे वर्ष त्यात जाते.

पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण वेळ घरून काम करण्याला मात्र माझा विरोध आहे. याच कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये त्याआधी नऊ महिन्यांचा प्रयोग झाला होता, ज्यात लोक आठवड्यातले चार दिवस घरून काम करत. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण कामगिरीच्या मानाने त्यांच्या वाट्याला बढत्या कमी आल्या आणि एकटेपणाला कंटाळून बरेच जण स्वतःहून कचेरीत परतले.

प्रतिसाद : नांदेडहून पुण्यात

नव्यांची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. मी २०२१ मध्ये शिक्षण संपवून नोकरीला लागलो आणि पहिले चौदा महिने कचेरी पाहिलीच नाही. बाणेरला तिघांत एक खोली होती, पलंगावर उशीवर लॅपटॉप ठेवून काम चालायचे आणि पाठीमागे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत म्हणून मी बैठकीत कॅमेरा बंद ठेवायचो. वेळ वाचत होता, पैसेही वाचत होते. पण शिकणे थांबले होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

दुसऱ्या नोकरीत आठवड्यातून तीन दिवस कचेरी सुरू झाली, तेव्हाचा एक प्रसंग सांगतो. एका अहवालात रात्री उशिराच्या नोंदी चुकीच्या तारखेला दिसत होत्या आणि दोन संध्याकाळी मी डेटाबेसमधून नोंदी काढणारी तीच ती क्वेरी तपासत बसलो होतो. पाण्याची बाटली भरायला उठलेले आमचे वरिष्ठ माझ्या मागून जाताना थबकले, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, “अरे, सर्व्हरवरची वेळ यूटीसीमध्ये आहे, तू साडेपाच तास मिळवलेच नाहीस.” (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते.) मग खुर्ची ओढून बसले आणि लॉगमधली, म्हणजे सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदींतली, वेळ डेटाबेसमधल्या वेळेशी कशी ताडून पाहायची ते त्यांनी दहा मिनिटांत दाखवले. तेच मी घरी असतो तर विचारलेच नसते, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी वरिष्ठांना कॉल लावायची माझी छाती झाली नसती.

त्यामुळे माझी विनंती आहे की नव्यांना ज्या दिवशी बोलवाल त्या दिवशी त्यांना शिकवणारेही आलेच पाहिजेत, अशी अट घाला. वरिष्ठ घरी आणि फ्रेशर कचेरीत, असे आमच्याकडे काही महिने झाले होते आणि त्याचा कोणालाच उपयोग झाला नाही.

प्रतिसाद : साताऱ्याची लेक

प्रसूतीच्या रजेनंतर मी दीड वर्षापूर्वी कामावर परतले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात २६ आठवड्यांच्या रजेबरोबर अशीही तरतूद आली की कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजा संपल्यावर मालक आणि कर्मचारी यांच्या संमतीने घरून काम करता येते. माझ्या आधीच्या कंपनीत ती संमती मागताना मला फार अवघडल्यासारखे झाले. संमती मिळाली, पण गटात मी एकटीच घरून काम करणारी होते, त्यामुळे निर्णय जेवणाच्या टेबलावर होऊन जात आणि मला ते दुसऱ्या दिवशी कळत. वर्षाच्या शेवटी माझ्या मूल्यमापनात ‘सहभाग कमी’ असा शेरा आला.

आताच्या ठिकाणी सर्वांनाच, पुरुषांनाही, सोमवार आणि शुक्रवार घरून काम आहे. एवढ्या एका बदलाने माझी बाजू कमकुवत राहिलेली नाही, कारण ज्या दिवशी मी घरी असते त्या दिवशी माझे साहेबही घरी असतात. म्हणून वाकडकर ताई, ही पद्धत ‘गरजू महिलांसाठी सवलत’ म्हणून कृपया आणू नका. तशी आणली तर सवलत घेणारीच मागे पडते.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. घरून काम म्हणजे मूल मांडीवर घेऊन काम नव्हे. आमच्याकडे बाळाला सांभाळायला मावशी येतातच. मला मिळतात ते जाण्यायेण्याचे अडीच तास, म्हणजे आठवड्याला पाच तास, आणि त्या दोन दिवशी साडेसहाला लॅपटॉप मिटला की लगेच लेकीला भरवायला मी हजर असते. आणि पुण्यात दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचे झाले तर बहुधा गुरुवारच निघतो, हे ध्यानात ठेवून गुरुवार कचेरीचा ठेवा. आमच्याकडे त्या एका निर्णयाचे सर्वांनी मनापासून स्वागत केले.

प्रतिसाद : ताळेबंद

मी हिशेबाच्या बाजूने लिहितो. टीमलीड साहेबांचा सल्ला कामाच्या दृष्टीने योग्य आहे, पण सर्वच गटांनी मंगळवार ते गुरुवार निवडले तर त्या तीन दिवशी तुम्हाला ६४ खुर्च्या लागतील आणि उरलेले दोन दिवस जागा रिकामी राहील; मग भाड्यात एका रुपयाचीही बचत होणार नाही. संचालकांना जागेतली बचत दाखवायची असेल तर गटांचे दिवस वेगळे पाडावे लागतील. डेव्हलपर आणि टेस्टर यांनी मंगळवार-बुधवार, बाकीच्या विभागांनी गुरुवार-शुक्रवार यावे, असे केले तर कोणत्याही दिवशी ३८ पेक्षा जास्त माणसे असणार नाहीत आणि पाहुणे, मुलाखती व जास्तीचे येणारे धरून ४४ जागा पुरतील. सर्वांना महिन्यातून एकदा एकत्र आणायचे असेल तर त्या दिवसापुरता सभागृह भाड्याने घेणे वीस टेबलांचे वर्षभराचे भाडे भरण्यापेक्षा स्वस्त पडते. करारात लॉक-इन काळ, म्हणजे ज्यात जागा सोडता येत नाही तो काळ, शक्य तितका कमी ठेवा आणि वाढीव जागा मागण्याचा हक्क लिहून घ्या.

जी बचत होईल ती सगळी कंपनीने ठेवू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. भाडे, वीज आणि जनरेटरचे डिझेल यांतला काही खर्च कंपनीच्या वहीतून उतरतो तो कर्मचाऱ्याच्या घरच्या बिलावर चढतो. निदान एकदा प्रत्येकाला चांगली खुर्ची आणि इन्व्हर्टर यांसाठी रक्कम द्या. पाठदुखीच्या रजा आमच्याकडे खुर्च्या दिल्यानंतरच कमी झाल्या.

तुमची जागा विशेष आर्थिक क्षेत्रात (निर्यातीसाठी सवलती असलेल्या ‘एसईझेड’मध्ये) असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये या क्षेत्रांच्या नियमांत ४३अ हा नियम घालून घरून कामाला प्रथम निम्म्या कर्मचाऱ्यांपुरती परवानगी दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सर्वांना लागू करण्याची मुभा दिली. पण ती मुदतीची होती. शुल्कमाफीने आणलेले लॅपटॉप क्षेत्राबाहेर नेण्याचाही प्रश्न त्यात येतो, तेव्हा आजची स्थिती त्या क्षेत्राच्या विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

वाकडकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. आमची जागा विशेष आर्थिक क्षेत्रात नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. सोमवारच्या बैठकीत मी ४४ जागांचा प्रस्ताव ठेवणार आहे : डेव्हलपर मंगळवार-बुधवार, बाकीचे गुरुवार-शुक्रवार. आमच्याकडे सध्या सात नवे डेव्हलपर आहेत. पहिले सहा महिने ते गुरुवारीही येतील आणि त्यांना शिकवणाऱ्या दोन वरिष्ठांपैकी एक आळीपाळीने त्या दिवशी येईल. हे धरूनही गुरुवारी ३४ माणसे होतात. घरच्या दिवसांचा नियम संचालकांपासून सर्वांना सारखा असावा, हे मी प्रस्तावात पहिलेच कलम म्हणून लिहिले आहे, आणि खुर्चीसाठीची रक्कम दुसरे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ग्राहक-साहाय्यातले चार जण कायम रात्रपाळीत असतात आणि गटाच्या दिवशी त्यांना बोलावले तर त्यांची झोप मोडते. न बोलावले तर ते कोणाला भेटतच नाहीत. रात्रपाळी सांभाळून कोणी ही पद्धत बसवली असेल, तर पाळ्यांचे वेळापत्रक कसे केले ते कृपया लिहावे.