अनुभव धागा: दंगल धर्माची की खुर्चीची?

धागाकर्ता (सांगली)
रविवारी आमच्या कट्ट्यावर वाद झाला. एकजण म्हणाला, धर्म नसता तर माणसांनी एवढी कापाकापी केलीच नसती. दुसरा म्हणाला, धर्म बिचारा निमित्तमात्र, सगळा खेळ खुर्चीचा. भेळ संपली तरी वाद संपेना, म्हणून इथं विचारतोय. जगाचा इतिहास नको, तो यूट्यूबवर रग्गड आहे. सातारा-सांगलीत स्वतः पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं तेवढं लिहा.

तंबोरेवाली (मिरज)
सप्टेंबर २००९. माझा तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घ्यायला, सतारमेकर गल्लीत दिलेला. गणपती चालू होते. अफजलखान वधाचं चित्र असलेल्या स्वागत कमानीवरून वाद पेटला आणि मिरजेत संचारबंदी लागली. विसर्जन अडलं. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. दोन-दोन तास शिथिलता मिळायची, तेवढ्यात दूध, भाजी, औषधं उरकायची. तशाच एका दुपारी मी गल्लीत शिरले. दुकानाची फळी अर्धी उघडी, आत चाचा भोपळ्याला पॉलिश करत बसलेले. म्हटलं, "चाचा, तंबोरा?" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "बाई, इलेक्शन झालं की न्यायला या."
विधानसभेचं मतदान १३ ऑक्टोबरला होतं. ते ना मौलवींवर घसरले, ना मंडळाच्या पोरांवर. थेट तारीखच सांगितली.

घाटावरचा (कराड तालुका)
आमच्या घरात कालगणना दोनच: जळिताच्या आधी आणि जळितानंतर. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, मारणारा ब्राह्मण निघाला, आणि दोन-चार दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांचे वाडे पेटले. आजी तेव्हा नऊ वर्षांची. शेजारच्या पाटलीणबाईंनी तिला गोठ्यात कडब्याआड बसवलं आणि वर घोंगडं टाकलं. जाळायला आलेले परगावचे होते, पण वाडा दाखवणारा गावातलाच, असं आजी सांगायची. तो कोण, हे शेवटपर्यंत बोलली नाही.
यात धर्म कुठं बसवायचा? जाळणारे हिंदू, जळणारे हिंदू. कुलदैवतही एकच, पालीचा खंडोबा. देवघराला कुणी हात लावला नाही. ओसरीवरची कागदपत्रांची पेटी मात्र आधी पेटली.

कुळाचा नातू (कराडच)
वरच्या दादांचा राग नाही, पण त्या पेटीत काय होतं तेही लिहा की. गहाणखतं! आमच्या पणजोबांची जमीन अशाच एका वाड्यात अडकलेली. जाळपोळीचं समर्थन करत नाही. पण हत्या दिल्लीत झाली आणि हिशेब गावातले चुकते झाले, एवढं मात्र खरं. याला तुम्ही राजकारण म्हणा नाहीतर पोट म्हणा.

नाव नको (सांगली)
बराच वेळ लिहू की नको करत होतो. २००९ ला मी एकोणीस वर्षांचा. ब्लूटूथवरनं क्लिप आली, दहाजण गोळा झालो आणि मी दगड मारला. एका बेकरीच्या काचेवर. रोज तिथनं पाव आणायचो. मला कुठल्या पुढाऱ्यानं पाठवलं नव्हतं, पैसे दिले नव्हते. त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी धर्मासाठी काहीतरी करतोय. त्यामुळं "नेत्यांनी भडकवलं" म्हणून हात झटकणं मला जमत नाही. नेते नंतर आले. केस मागे घेतो म्हणून सांगायला. दर निवडणुकीला येतात.

पेठेतला (सातारा)
१० सप्टेंबर २०२३, पुसेसावळी. सोशल मीडियावरची आक्षेपार्ह पोस्ट, रात्री जमाव, प्रार्थनास्थळावर हल्ला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यात इंटरनेट बंद. माझ्या दुकानात फोनपे चालेना, उधारीची वही परत काढली. त्या वहीत दोन्हीकडची नावं आहेत आणि सगळ्यांनी पैसे दिले. जास्त काही बोलायचं नाही.

माहेर कडेगाव
आमच्या मोहरमचे ताबूत उंचच्या उंच असतात आणि त्यात काही हिंदूंचेही. ताबुतांच्या भेटीच्या दिवशी सगळ्या पक्षांचे पुढारी येऊन बसतात. म्हणजे धर्म आहे, राजकारणही आहे, गर्दी तर विचारूच नका. तरी लहानपणी तिथं मला भीती वाटायची ती फक्त हरवण्याची. तुमच्या दोन्ही गड्यांना एकदा पाठवा कडेगावला.

नाव नको (सांगली)
मिरजेच्या ताई, तंबोरा मिळाला का?

तंबोरेवाली (मिरज)
मिळाला. दिवाळीनंतर, निकाल लागून गेल्यावर. पैसे जवारीचेच घेतले, एवढे दिवस सांभाळल्याचे नाहीत. गवसणी बांधता बांधता चाचांनी विचारलं, "आता महापालिकेचं कधी आहे?"