मास्टर मेसनची तिसरी पदवी: हिरामची कथा आली कुठून आणि तिचा अर्थ काय?

प्रश्न: पानवाचक

स्वामी विवेकानंदांच्या चरित्रांत एक उल्लेख ओझरता येऊन जातो. संन्यासापूर्वी, नरेंद्रनाथ दत्त या नावाने, त्यांनी कोलकात्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये (सभासदांच्या स्थानिक शाखेत) फ्रीमेसनरी या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाची दीक्षा घेतली. पहिली पदवी १९ फेब्रुवारी १८८४ रोजी, दुसरी १५ एप्रिलला आणि तिसरी २० मे रोजी. चरित्रकार एवढे नोंदवून पुढे जातात. ही तिसरी, म्हणजे मास्टर मेसनची पदवी नेमकी काय आहे, याचा शोध घेऊ लागलो तर दोनच प्रकारचा मजकूर हाती येतो. एक म्हणतो की हा विधी राजा शलमोनाने जेरुसलेमचे मंदिर बांधले तेव्हापासून अखंड चालत आला आहे. दुसऱ्याला विधीतल्या कवटीत आणि शवपेटीत सैतान दिसतो. दोन्हींवर विश्वास बसत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या पदवीचा उगम कागदोपत्री कुठवर मागे नेता येतो? शवपेटी, कवटी आणि झाडाची डहाळी ही चिन्हे कशाची आहेत? आणि हे सगळे झाल्यावर सभासदाने शिकायचे काय?

उत्तर १: जुने_दप्तर

शलमोनाशी या पदवीचा संबंध आहे तो कथेपुरता: मंदिराचा मुख्य कारागीर हिराम मास्टरचा गुप्त शब्द सांगत नाही म्हणून मारला जातो आणि तो शब्द हरवतो. विधी म्हणून ती अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत ब्रिटनमध्ये घडली, आणि ती कशी घडत गेली हे कागदांवरून बऱ्यापैकी दिसते.

इंग्लंडमधल्या पाथरवटांच्या संघांची सर्वांत जुनी उपलब्ध हस्तलिखिते १३९० च्या आसपासची आणि पंधराव्या शतकाच्या आरंभीची. त्यांत भूमितीचा गौरव आहे, कारागिरांनी कसे वागावे याचे नियम आहेत, बाबेलच्या मनोऱ्यापासूनचा कल्पित इतिहासही आहे. हिरामच्या खुनाचा मात्र मागमूस नाही. स्कॉटलंडमध्ये विल्यम शॉ याने १५९८ मध्ये लॉजसाठी नियमावली काढली, तिच्यात उमेदवार आणि पूर्ण कारागीर अशा दोनच पायऱ्या आहेत. १७१७ हे लंडनच्या ग्रँड लॉजचे, म्हणजे अनेक लॉजच्या मध्यवर्ती संस्थेचे, परंपरेने मानलेले स्थापनावर्ष. त्यानंतर जेम्स अँडरसन याने १७२३ मध्ये मेसनांच्या नियमांची जी घटना छापली, तिच्यातही स्वतंत्र तिसरी पदवी नाही. १७२५ मध्ये लंडनच्या एका संगीतप्रेमी मंडळाच्या नोंदीत आणि १७२६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डम्बार्टन येथील लॉजच्या इतिवृत्तात ती प्रथम डोकावते. पुढे ऑक्टोबर १७३० मध्ये सॅम्युएल प्रिचर्ड या माणसाने लॉजमधली प्रश्नोत्तरे सरळ छापून टाकली, आणि हिरामच्या खुनाची कथा छापील स्वरूपात पहिल्यांदा जगासमोर आली. जिला आपण गुप्त पदवी म्हणतो तिचा पहिला तपशीलवार पुरावा म्हणजे एक फुटलेले गुपित आहे!

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. या विधीतली कृती त्याच्या कथेपेक्षा जुनी आहे. या पदवीत उमेदवाराला ज्या पद्धतीने उठवतात तिला 'बंधुभावाचे पाच बिंदू' म्हणतात: पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, छातीला छाती, हातात हात आणि पाठीवर हात. याच आलिंगनाचे थोडे वेगळे वर्णन १६९६ च्या एडिंबरा येथील हस्तलिखितात आहे, आणि तिथे हिरामचे नावसुद्धा नाही.

त्यानंतरचे हस्तलिखित आहे ग्रॅहमचे. त्यावर १७२६ साल आहे. तिथे थडग्यातला मृत माणूस हिराम नसून बायबलमधल्या जलप्रलयातून वाचलेला नोहा आहे. शेम, हाम आणि याफेथ हे तिघे मुलगे बापाने बरोबर नेलेले गुपित शोधायला थडग्यापाशी जातात. खरे गुपित सापडले नाही तर जे पहिल्यांदा हाती लागेल तेच गुपित मानायचे, असे ते आधीच ठरवतात. एक बोट धरून ओढतो तर बोट सांध्यातून निखळते. मनगटाचे तेच, कोपराचे तेच. शेवटी पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, छातीला छाती, गालाला गाल लावून आणि पाठीला हात देऊन ते प्रेत उभे करतात. एक म्हणतो, या हाडात अजून मज्जा आहे. दुसरा म्हणतो, हाड सुकलेले आहे. तिसरा म्हणतो, याला दुर्गंधी येते. चारच वर्षांनी प्रिचर्डच्या पुस्तकात हाच साचा आहे, फक्त नोहाच्या जागी हिराम आला आहे. हातून निसटणारे शरीर तेच, आणि 'मूळ शब्द न मिळाल्यास पहिला उच्चारलेला शब्द चालवून घ्यावा' हा ठरावही तोच.

आता बायबलकडे पाहू. १ राजे, अध्याय ७ मध्ये सोर नगरीचा हिराम भेटतो: नफताली वंशातल्या विधवेचा मुलगा, पितळकामात निष्णात, मंदिराचे याखीन आणि बवाज हे दोन खांब ओतणारा. (२ इतिहासात त्याची आई दान वंशातली आहे.) त्याच अध्यायाच्या चाळिसाव्या वचनात स्पष्ट लिहिले आहे की हिरामने शलमोनासाठी हाती घेतलेले सगळे काम पुरे केले. मेसनांच्या कथेत तो काम अर्धवट असताना मारला जातो. ज्यांनी ही कथा रचली ते बायबल रोज वाचणारे लोक होते, त्यामुळे हा विरोध त्यांच्या नजरेतून सुटला असेल हे मला पटत नाही. त्यांना अपुरे राहिलेले काम आणि हरवलेला शब्द हवा होता, म्हणून त्यांनी माणूस बायबलमधून घेतला आणि त्याचे मरण स्वतः लिहिले. अँडरसनच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की हे डोळ्यांसमोर घडताना दिसते: १७२३ मध्ये हिरामवर लांबलचक टीप आहे पण मरणाचा उल्लेख नाही, १७३८ मध्ये मंदिर झाल्याच्या आनंदावर विरजण पाडणारा त्याचा आकस्मिक मृत्यू आणि मंदिराजवळचे दफन अवतरते.

उत्तर २: ओळंबा

मी स्वतः सभासद आहे. ओळखीच्या खुणा आणि शब्द मी सांगणार नाही. ते आज कुठेही वाचायला मिळतात, पण न सांगण्याचे वचन मी दिलेले आहे. बाकीचे सांगायला हरकत नाही.

पहिल्या पदवीत माणूस उमेदवार म्हणून आत येतो आणि उजेड मागतो. दुसरीत विद्या आणि कौशल्य यांकडे वळतो. तिसरी या दोन्हींच्या उलट दिशेने जाते. लॉजमधले दिवे मालवलेले असतात, पूर्वेला एक मिणमिणता प्रकाश तेवढा असतो, आणि आतापर्यंत प्रेक्षक असलेल्या उमेदवारालाच हिरामच्या जागी उभे करतात. व्याख्यान ऐकून हा परिणाम साधला नसता, असे माझे मत आहे.

कथा इंग्लिश पद्धतीप्रमाणे अशी. मंदिर पूर्ण होत आले असताना पंधरा कारागीर मास्टरचे गुपित बळाने मिळवण्याचा कट करतात. बारा जण माघार घेतात, तिघे उरतात. भर दुपारी बारा वाजता हिराम प्रार्थनेला आलेला असतो, तेव्हा ते तिघे दक्षिण, उत्तर आणि पूर्व या दारांशी दबा धरतात. पहिला ओळंब्याच्या पट्टीने कानशिलावर मारतो, दुसरा पाणसळीने दुसऱ्या कानशिलावर, तिसरा जड मोगरीने कपाळावर. प्रत्येक दाराशी हिरामचे उत्तर एकच: हे गुपित मी एकट्याने देऊ शकत नाही, तुम्ही धीर धरा आणि कष्टाने पात्र व्हा. अमेरिकेत दारे आणि हत्यारे थोडी बदलतात. तिथे चोवीस इंची पट्टी आणि गुण्या येतो. जी अवजारे आधीच्या पदव्यांत सचोटीची आणि समतेची प्रतीके म्हणून हाती दिली होती, तीच इथे खुनाची हत्यारे होतात. याबद्दल विधीत कुणी भाष्य करत नाही, पण बसलेल्या प्रत्येकाला ते जाणवते.

चिन्हांविषयी. तिसऱ्या पदवीचा चित्रफलक, ज्याला ट्रेसिंग बोर्ड म्हणतात, इंग्लिश लॉजमध्ये बहुधा जॉन हॅरिस याने १८४५ मध्ये केलेल्या रचनेवरून काढलेला असतो. काळ्या शवपेटीवर कवटी आणि दोन हाडे, डोक्याशी अकेशियाची डहाळी, आणि मध्ये मंदिराच्या आतले दृश्य: चौकटीची फरशी, वरची खिडकी, पडद्यामागे परमपवित्रस्थान, म्हणजे मंदिराचा सर्वांत आतला गाभारा. कवटी सैतानाची नसून बघणाऱ्याची स्वतःची आहे. उमेदवाराला ती दाखवून 'हे तुझे भविष्य' एवढेच सांगायचे असते. अकेशिया म्हणजे आपल्या बाभळीचे कूळ. शोधाला निघालेल्यांपैकी एकाने आधारासाठी झुडूप धरले, ते सहज उपटून हाती आले, आणि खालची माती नुकतीच उकरलेली आहे हे कळले. मराठी बायबलमध्ये कराराचा कोश (इस्राएली लोकांची पवित्र पेटी) बाभळीच्या लाकडाचाच आहे, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हा दुवा लवकर सापडतो. प्रिचर्डच्या छापील मजकुरात मात्र त्या झाडाचे नाव कॅशिया आहे.

इंग्लिश पद्धतीत मास्टरला मिळणारी अवजारे तीन: सूत आखण्याची लाइनदोरी, पेन्सिल आणि कंपास. ही गवंड्याची अवजारे राहिली नाहीत, आराखडा करणाऱ्याची झाली. अमेरिकेत याच पदवीला थापी देतात आणि तिचा अर्थ माणसे सांधणारा गिलावा असा लावतात. मला स्वतःला इंग्लिश निवड अधिक चपखल वाटते.

शिकवण म्हणाल तर वरकरणी दोन गोष्टी: प्राण गेला तरी सोपवलेला विश्वास मोडू नये, आणि मरणाची आठवण ठेवून हातातले काम करावे. परंतु पदवीचे मर्म तिच्या शेवटात आहे. उमेदवाराला अखेर जे मिळते ते खरे गुपित नसतेच. खरे हिरामबरोबर गेले, हा त्याचा पर्याय आहे, काळ किंवा परिस्थिती मूळ गुपित परत मिळवून देईपर्यंत वापरायचा, असे त्याला स्पष्ट सांगतात. सर्वोच्च म्हणून गाजवलेल्या पदवीत हाती पर्याय ठेवायचा, हे धाडसच आहे. अनेक नवे मास्टर यावर चक्क नाराज होतात.

उत्तर ३: नीलतीर

माहिती उत्तम आहे, पण उगम फार अलीकडे आणला जात आहे असे वाटते. मारला गेलेला आणि पुन्हा उठवलेला नायक म्हणजे इजिप्तचा देव ओसिरिस नव्हे काय? तीन शतकांपूर्वीच्या लंडनमध्ये कुणी बसून हे पुनरुत्थान नव्याने रचले, यापेक्षा प्राचीन गूढपंथांची परंपरा झिरपत आली असे मानणे अधिक सयुक्तिक नाही का?

उत्तर ४: जुने_दप्तर

साम्य दिसते हे खरे, आणि एकोणिसाव्या शतकात स्वतः मेसन लेखकांनीच ते हौसेने पसरवले. परंतु परंपरा झिरपत आली असे म्हणायचे तर मधल्या काळातला एखादा तरी कागद दाखवावा लागेल. आपल्याकडे जे कागद आहेत ते नोहाकडे बोट दाखवतात, नाईलकडे नाही.

दुसरे म्हणजे या कथेत पुनरुत्थान नाही. हिराम मेलेला आहे आणि मेलेलाच राहतो. त्याला थडग्यातून वर काढतात ते मानाने पुन्हा पुरण्यासाठी, तेही इस्राएली नियम परवानगी देतील तितके परमपवित्रस्थानाच्या जवळ. आत नाही, कारण तिथे काहीही अशुद्ध नेता येत नाही. जिवंत होऊन उठतो तो उमेदवार, आणि तोही एका सांगातीच्या हाताने. ओसिरिस मृतांचा राजा होतो. हिराम काहीच होत नाही, त्याची जागा रिकामी राहते आणि बाकीच्यांना काम चालू ठेवावे लागते.

प्रश्नकर्ता: पानवाचक

सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या. इतकी बायबलमय कथा हिंदू किंवा पारशी माणसाने कशी स्वीकारली? आणि तो हरवलेला शब्द पुढे कधी मिळतो की नाही?

उत्तर ५: ओळंबा

पहिल्या शंकेचा इतिहास आपल्या मुंबईतच आहे. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या युरोपीय लॉजने प्रवेश नाकारला, त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली, आणि १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने स्कॉटिश सनदेखाली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज भारतीयांना घेण्यासाठी मुंबईत सुरू झाले. हिंदूंना अधिक थांबावे लागले; 'अनेक देव मानणारा एका परमेश्वराची शपथ कशी घेणार' हा आक्षेप कोलकात्यात वर्षानुवर्षे चघळला गेला, आणि १८७२ मध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाल्यावर तो मागे पडला. नरेंद्रनाथांचा प्रवेश त्यानंतर बाराच वर्षांनी, त्याच लॉजमध्ये. त्या फेब्रुवारीतच त्यांचे वडील वारले होते, तेव्हा मे महिन्यातल्या त्या अंधाऱ्या विधीत बोलले जाणारे मरणाविषयीचे शब्द त्यांनी काय मनाने ऐकले असतील, हा विचार मला नेहमी पडतो. १९६१ मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली. आमच्याकडे शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर होते, आणि गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब एकाच वेदीवर असतात. हिरामची कथा श्रद्धेचा भाग म्हणून मान्य करण्याची कुणावर सक्ती नसते, ती नाटक म्हणूनच सांगितली जाते. शपथेतल्या शारीरिक शिक्षांचे भयंकर उल्लेखही इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतून काढून टाकले.

दुसऱ्या शंकेचे उत्तर 'होली रॉयल आर्च' या पुढच्या विधीत आहे. तिच्या कथेत बाबेलच्या बंदिवासातून परतलेले कारागीर मंदिराचे अवशेष उकरताना जमिनीखालच्या तळघरात उतरतात आणि हरवलेले तिथे गवसते. ही चौथी पदवी मानायची की तिसरीचाच उत्तरार्ध, यावरून इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजमध्ये अर्धशतकाहून अधिक काळ वाद होता. डिसेंबर १८१३ मध्ये दोघी एकत्र आल्या तेव्हा करारात जो मजकूर आला तो दोन्ही पक्षांना सांभाळून घेणारा आहे: शुद्ध प्राचीन मेसनरीत तीनच पदव्या आहेत, अधिक नाहीत, आणि तिसरीत रॉयल आर्चचा समावेश आहे. व्यवहारात मात्र रॉयल आर्चसाठी तिच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे चॅप्टरमध्ये, वेगळा अर्ज करावा लागतो. बरेच सभासद तो कधीच करत नाहीत आणि आयुष्यभर पर्यायी शब्दावरच समाधान मानतात.