आईचा ‘हृदयासाठी हर्बल चहा’ आणि बीपीची गोळी

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची, नाशिकला असते. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. टेल्मिसार्टन (बीपीची गोळी), क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. शेजारच्या मावशींनी तिला हृदयासाठीच्या हर्बल चहाचं पाकीट आणून दिलंय. रोज दोनदा पिते, आवडतोही. पण घरच्या मशीनवर वरचं बीपी १५० च्या आसपास येतंय, आधी १३० असायचं. चहाचा संबंध असेल का?

औषधवाली_काकू:
आधी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. ज्येष्ठमध आहे का ते बघा. चहाला गोडसर चव यावी म्हणून तो अशा मिश्रणांत सर्रास असतो. घशाला चांगला, पण रोज पोटात गेला तर मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम मात्र लघवीवाटे जातं. बीपी चढतं, पावलं सुजतात, पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साताऱ्यात बरीच वर्षं औषधांचं दुकान सांभाळलंय मी. गोळ्या घेणारी माणसं काढ्याचं नाव डॉक्टरांसमोर काढतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. मला याची फार काळजी वाटते.

आलं-हळदीचा दाट काढाही रोज नको. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, त्यात आणखी भर कशाला? नेहमीच्या चहात किसलेलं आलं टाकता तेवढं चालतं.

आणि गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच नको. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी) असताना क्लोपिडोग्रेल चुकवणं जिवावर बेतू शकतं.

वऱ्हाडी_चूल:
आमच्याकडे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत करतात. बीपीला चांगलं म्हणतात. ते देता येईल का? दुकानात जास्वंदीचा चहाही मिळतो, तो हाच ना?

औषधवाली_काकू:
दुकानातला चहा कशाचा आहे ते पाकिटावर बघा, देवाला वाहतो ती जास्वंद वेगळी. अंबाडी तिच्याच कुळातली, पण अभ्यास झालाय तो अंबाडीच्या लाल बोंडांचा. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात ६५ जणांवर झालेला अभ्यास २०१० साली छापून आला. रोज तीन कप, सहा आठवडे. वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी उतरलं, नुसत्या चवीचं पाणी पिणाऱ्यांचं जेमतेम १. पण ती माणसं बीपीची गोळी घेत नव्हती, हे विसरू नका. टेल्मिसार्टनवर अंबाडी घेतली तर बीपी जास्त उतरून चक्कर येऊ शकते. डॉक्टर हो म्हणाले तर बिनसाखरेचा, दिवसाला एक कप. सरबतात वाटीभर साखर घालून हृदयाचं भलं होत नाही.

अर्जुनसालीचंही तसंच. वैद्यांकडून क्षीरपाक (साल दुधात उकळून केलेला काढा) घेणार असाल तर ते हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगा.

गोदाकाठ:
काकू, आईकडून पाकिटाचा फोटो मागवला. तुळस, दालचिनी, आणि तिसरं नाव ज्येष्ठमध! आजपासून चहा बंद. तिला सांगितलं की मावशींना वाईट वाटेल असं काही बोलू नकोस.

औषधवाली_काकू:
उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि पाकीट दाखवा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) तपासायचं का ते विचारा. ज्येष्ठमधाचा परिणाम उतरायला काही आठवडेही लागतात, तोवर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा. छातीत धडधड, पायांत गोळे किंवा हातापायांत अशक्तपणा आला तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.