मुलाचे शूटिंग गेम्स आणि मित्राच्या घरातली खरी बंदूक

डॅलसची_आई:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मुलगा 9 वर्षांचा, फोर्टनाइट या गोळीबाराच्या गेमचं प्रचंड वेड. परवा टीव्हीचा रिमोट दोन्ही हातांत धरून, एक डोळा मिटून धाकट्या बहिणीवर नेम धरून बसला होता आणि ती पण "मेले मेले" करत सोफ्यावर पडत होती. आपणही दिवाळीत टिकल्यांची बंदूक घेऊन गल्लीभर पळायचो, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण येत्या शनिवारी त्याला मित्राकडे स्लीपओव्हरला बोलावलंय आणि त्या मित्राचे बाबा शिकारीला जातात, घरात बंदुका आहेत हे माहितीये. नवरा म्हणतो गेम बंद कर, विषय संपला. खरंच संपतो का? गेममुळे मुलं खऱ्या बंदुकीला हात लावतात का?

कोलंबसकर:
ताई, अगदी याच प्रश्नावर इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत प्रयोग झालाय, 2019 मधे छापून आला. 8 ते 12 वर्षांची मुलं, दोघा-दोघांच्या जोड्या. काहींना माइनक्राफ्ट हा व्हिडीओ गेम बंदुका असलेला दिला, काहींना तलवारींचा, काहींना मारामारी नसलेला. 20 मिनिटं खेळून झाल्यावर खेळण्यांच्या खोलीत सोडलं आणि तिथल्या कपाटात खरी पिस्तुलं ठेवलेली, अर्थात निकामी केलेली. बंदुकवाला गेम खेळलेल्यांपैकी साधारण 62 टक्के मुलांनी पिस्तूल हातात घेतलं, तलवारवाल्यांपैकी 57, साध्या गेमवाल्यांपैकी 44. म्हणजे फरक पडतो, ट्रिगर पण पहिल्या गटाने जास्त दाबला. पण मला झोप लागली नाही ती त्या 44 मुळे. ज्यांनी गेममधे एक गोळी पण पाहिली नाही त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी उचललंच की! त्यामुळे भाऊजी म्हणतात तसं नुसता गेम बंद करून भागणार नाही.

पुण्याहून_मी:
गेमला उगाच व्हिलन करू नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मधे स्पष्ट म्हटलंय की गोळीबारासारख्या खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. जपानमधली मुलं काय कमी गेम खेळतात? तिथे घरात बंदूक क्वचितच असते. आपल्याकडे 2020 ला पब्जीवर बंदी आली, पुढच्या वर्षी तोच गेम नाव बदलून हजर, माझा भाचा एक दिवस पण थांबला नाही.

मालवणी_माणूस:
आमच्या घरी शेती संरक्षण परवान्याची बंदूक होती, डुकरं-माकडं हाकलायला. आचारसंहिता लागली की आजोबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करायचे, बाकी वर्षभर माजघरात खुंटीला. तेव्हा गावात व्हिडीओ गेम कुठला, टीव्ही पण दोन घरांत. तरी एका मे महिन्याच्या दुपारी सगळे झोपलेले असताना मी नि माझा चुलतभाऊ पाटावर पाट ठेवून चढलो आणि काढली. मी 10 चा, तो 8 चा. लाकडाला तेलाचा वास येत होता, नळी गार होती, आणि इतकी जड की माझ्या हातून सुटून दस्त्यावर आपटली. भरलेली नव्हती म्हणून आज लिहितोय. आजोबांनी मारलं नाही, तेच थरथरत खाली बसले, संध्याकाळी सुतार बोलावून फडताळाला कुलूप केलं आणि काडतुसं वेगळ्या पेटीत, किल्ली करगोट्याला. ताई, गेम असो नसो, पोर चढणारच. शनिवारी पाठवायच्या आधी त्या घरी तोंडाने विचारा.

ऑस्टिनमधून:
मी स्वतः बंदूक ठेवतो म्हणून सांगतो, विचारलेलं आम्हाला वाईट वाटत नाही, आणि वाटलं तरी विचारा. कुलूपबंद आहे का, रिकामी आहे का, गोळ्या वेगळ्या ठेवल्यात का, हे तिन्ही विचारा, "सेफ आहे" एवढ्यावर फोन ठेवू नका. टेक्ससमधे निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होऊ शकतो. आणि मुलाला पण शिकवा, दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. याचा उपयोग होतो हो, त्याच युनिव्हर्सिटीच्या 2023 च्या प्रयोगात बंदुकीबद्दलचा एक मिनिटाचा व्हिडीओ बघितलेल्यांपैकी 39 टक्के मुलांनी हात लावला, न बघितलेल्यांपैकी 67 टक्क्यांनी.

डॅलसची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच त्या मित्राच्या आईला फोन केला, हात घामेजले होते माझे. शिकारीच्या बंदुका गॅरेजमधे सेफमधे असतात म्हणाली. गोळ्यांचं विचारलं तशी थोडी थांबली, मग म्हणाली की एक पिस्तूल नवऱ्याच्या उशाशी ड्रॉवरमधे असतं, भरलेलं, ड्रॉवरला कुलूप नाही, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. चिडली नाही, उलट आवाज कापरा झाला तिचा. ती आजच नवऱ्याशी बोलणार आहे. शनिवारी दोन्ही मुलं आमच्याकडे झोपणार, फोर्टनाइट 8 वाजेपर्यंत, आणि जेवताना मी दोघांनाही ते "थांब, हात लावू नको" शिकवणार आहे.