पाषाणला दाट धुकं, वर टेकडीवर ऊन! आदल्या रात्री अंदाज कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

लेकीला सकाळी सहाच्या पोहण्याच्या क्लासला स्कूटरवरून सोडतो. दिवाळीनंतर पुण्यात पाषाण तलावाच्या बाजूला धुकं इतकं असतं की पुढच्या रिक्षाचा लाल दिवा तेवढा दिसतो. हेल्मेटची काच सारखी पुसावी लागते.

गंमत म्हणजे अशा दिवशी थंडी फारशी नसते. जानेवारीत हुडहुडी भरते तेव्हा रस्ता लख्ख! वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे म्हणतात, वर स्वच्छ ऊन असतं. आणि उजाडल्यावर धुकं विरायचं सोडून वाढतं कसं? आर्द्रतेमुळे म्हणावं, तर जुलैत रोज पडायला हवं. की हा कचरा जाळल्याचा धूर आहे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद:

नुसत्या थंडीने धुकं पडत नाही, पारा दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तिथपर्यंत) उतरावा लागतो. पावसाळा सरल्यावर जमीन ओली असते, हवेत बाष्प असतं. दवबिंदू 16 अंश असेल तर पारा तिथवर आला तरी पुरे. जानेवारीत हवा कोरडी, दवबिंदू समजा 5. पारा 9 वर थांबला की धुकं नाही. जुलैत ढगांचं पांघरूण असतं, वाराही असतो, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री निघून जात नाही. (पावसाळ्यात सिंहगडावर दिसतं ते बहुतेकदा डोंगराला टेकलेले ढग.)

गार हवा जड, ती उतारावरून सखल भागात साचते. म्हणून पाषाण बुडतं, टेकडी वर राहते. पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास. त्यात कोवळ्या उन्हाने दव उडून हवेत मिसळतं, म्हणून धुकं आणखी दाटतं.

काच ओली होतेय म्हणजे धुकंच. पण धुराच्या कणांवर बाष्प सहज जमतं, त्यामुळे दोन्ही एकत्र असणारच.

रात्री दहाला हवामानाच्या अ‍ॅपवर तापमान आणि दवबिंदू बघा. फरक दोन-तीन अंशांचा, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, असं असेल तर सकाळी धुकं धरून चाला. गाडीचा अप्पर लावू नका, उजेड उलटा डोळ्यांवर येतो. आणि क्लास सातचा करून घ्यायचा विचार असेल तर राहू द्या, तेव्हाच सगळ्यात दाट असतं!