प्रोबायोटिक उपाशीपोटी पाण्यातून घ्यावे की जेवणात दह्यासोबत?

धागाकर्ता (फोंडा) :
प्रोबायोटिकची (आतड्याला उपयोगी अशा जिवंत सूक्ष्मजीवांची) पुडी सकाळी उपाशीपोटी पाण्यात कालवून घ्यावी, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. रिकाम्या जठराचा सामू (पीएच; जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते २ असतो. जेवणातील प्रथिने आम्लाची तीव्रता कमी करत असल्याने तो काही काळ ४-५ पर्यंत चढतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत किंवा त्याआधी अर्धा तास दिलेले जिवाणू, जेवणानंतर अर्ध्या तासाने दिलेल्यांपेक्षा अधिक संख्येने तगले. तसेच पाणी आणि सफरचंदाचा रस यांपेक्षा थोडा स्निग्धांश असलेले दूध सरस ठरले. मग आपण पाण्याचाच हट्ट का धरावा?

प्रतिसाद (मडगाव) :
आपण दिलेलाच दाखला आपल्या विरोधात जातो. जेवणाआधी अर्धा तास म्हणजे पोट रिकामेच! शिवाय तो प्रयोग माणसांवर नव्हे, तर पचनमार्गाच्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतीवर झाला होता आणि त्यातील यीस्टला, म्हणजे सॅकरोमायसिस बुलार्डीला, जेवणाच्या वेळेने काहीच फरक पडला नव्हता. तेव्हा वाण, म्हणजे सूक्ष्मजीवाचा प्रकार, कोणता, हे आधी विचारावे.

धागाकर्ता :
यीस्टचे मान्य, पण लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंचे काय? अर्ध्या तासाच्या आत जेवण येऊन पोहोचते, हाच त्या निष्कर्षाचा गाभा आहे. पाण्यातून पुडी घेतल्यानंतर दोन तास उपाशी राहणाऱ्याला तो लागू होत नाही.

प्रतिसाद (डिचोली) :
मग आमच्या सोलकढीतून घेतले तर चालेल का? नारळाच्या रसात स्निग्धांश आहे, पण कोकम मुळातच आंबट. (सुरेने, म्हणजे माडीने, आंबवलेल्या सान्नांचा, म्हणजे आमच्या इडलीसारख्या पदार्थाचा, मुद्दा कोणी काढू नये, त्या वाफेवर शिजतात, तेव्हा त्यांत जिवंत काही उरत नाही.)

प्रतिसाद (म्हापसा) :
वाहक अन्नाचे महत्त्व मला मान्य आहे, मात्र जिवाणू आतड्यापर्यंत जिवंत पोहोचणे हीच एकमेव कसोटी मानण्याला माझा विरोध आहे. दह्याच्या विरजणातील जिवाणू पित्तापुढे फारसे टिकत नाहीत. तरीही दुधातील लॅक्टोज ही साखर न पचणाऱ्यांना दह्याचा उपयोग होतो, कारण लहान आतड्यात या जिवाणूंच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातील लॅक्टेज हे लॅक्टोज पचवणारे विकर मोकळे होते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली हा दावा स्वीकारला, तोही ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असण्याच्या अटीवर. येथे दही जठरात ढालीचे काम करते आणि पुढे जिवाणूंचे मरणेच उपयोगी पडते, हे आपल्या हिशेबात कोठे बसते?

धागाकर्ता :
तो लाभ विरजणाचा आहे, पुडीचा नव्हे. ज्या वाणाने आतड्यात जिवंत राहून काम करावे अशी अपेक्षा आहे, त्याला मी तरी दुपारच्या जेवणात दह्यातूनच देईन आणि दही कढत भातावर ओतणार नाही.